काशीनरेशांच्या विहिरीसाठी कायमची तरतूद करा

प्रति,
मा. उच्चायुक्त,
भारतीय उच्चायोग, लंडन

स.न.वि.वि.

ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रो या छोट्या गावात काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी बांधून दिलेली विहीर आहे. २४ मे १८६४ रोजी ती गावाला खुली झाली. तिच्या देखभालीत भारताचा कायमचा वाटा असावा, एवढ्यासाठी हे पत्र.

चिल्टर्नच्या या टेकड्या खडूच्या खडकाच्या. पाऊस पडला की पाणी थेट खोल मुरते, माथ्यावर ओढा वाहत नाही. डबकी आटली की गावाचे हाल. शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड भारतात अधिकारी होते. त्यांनी हे हाल महाराजांच्या कानावर घातले. १८६३ मध्ये खोदाई सुरू झाली. विहिरीचा व्यास ४ फूट आणि खोली ३६८ फूट! लंडनचा नेल्सन स्तंभ एकावर एक दोनदा उभा केला तरी त्या उंचीहून ही खोली जास्त. आणि हे सगळे हातांनी खोदलेले.

महाराजांनी नुसती विहीर दिली नाही. पाणी फुकट मिळावे आणि दुरुस्तीचा खर्चही निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली गेली. तिचे नाव 'इश्री बाग', तिथल्या तळ्याचे 'मछली पोखरा'. ही दूरदृष्टी आम्हाला विहिरीहूनही मोठी वाटते.

१९६४ मध्ये शताब्दीला प्रिन्स फिलिप आले, विहिरीत गंगाजल ओतले गेले. समारंभ व्हावेतच, पण बिडाचा घुमट आणि रहाटाची चाके रंगावर टिकतात. सांध्यांत पाणी साचले की आतून गंज धरतो, गंज फुगतो आणि बीड तडकते. वरवर रंग फासला तर ओल आतच कोंडते. म्हणून आधी जुन्या रंगाचे थर तपासून मूळ छटा नोंदवाव्यात. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा कोरडे घासू नये. गंज काढून, धातू पूर्ण वाळवून त्याच दिवशी गंजरोधक अस्तर द्यावे. सांधे सिमेंटने बुजवू नयेत. वास्तू संरक्षित असल्याने स्वरूप बदलणाऱ्या कामाला स्थानिक परिषदेची परवानगी लागते.

तेव्हा एकरकमी देणगी नको. मुद्दल गुंतवून व्याज दरवर्षी विहिरीच्या विश्वस्तांकडे जाईल असा निधी उभारावा, आणि बागेची व तळ्याची नावे देवनागरीतही लिहिलेला फलक त्यांच्या संमतीने लावावा.

आपले,
ऑक्सफर्डशायर परिसरातील मराठी रहिवासी