३६ धावांबद्दल दिनूस

सांगली,
२० डिसेंबर २०२०

प्रिय दिनू,

दिवाळीपासून तुला पत्र नाही, चूक माझीच. इकडे सगळे बरे, अण्णांची शुगर आटोक्यात. पण काल सकाळी अ‍ॅडलेडला जे झालं ते दुसऱ्या कुणापाशी बोलू?

ऑस्ट्रेलियापुढे कसोटीचा दुसरा डाव अवघा छत्तीस! १९७४ च्या लॉर्ड्सचे सर्वबाद ४२ आपल्याला पाठ आहेत, त्याच्याही खाली गेलो. हातात ५३ ची आघाडी, १ बाद ९ वरून सुरुवात, आणि १५ वरच दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा गेला. एकालाही दोन आकडे नाहीत. मयांकचे ९ सगळ्यांत जास्त. हेझलवूड ८ धावांत ५, कमिन्स २१ धावांत ४.

तू म्हणशील, चेंडूच तसे पडले. निम्मं मान्य. पुजाराला पडलेला चेंडू भल्याभल्यांना सुटला नसता. पण कोहलीचा? बाहेरच्या चेंडूमागे बॅट गेली आणि गलीत ग्रीनने झेल घेतला. पृथ्वी तर दोन्ही डावांत बोल्ड, बॅट आणि पॅडमध्ये फट ठेवून.

दुखणं हातांचं आहे. २७ नोव्हेंबरपासून तीन वनडे, तीन टी-ट्वेंटी. पांढरा चेंडू थोड्या षटकांत स्विंग व्हायचा थांबतो, स्लिपमध्ये, म्हणजे कीपरशेजारी झेलाला, असतो एखादाच, म्हणून बॅट शरीरापुढे ढकलली तरी निभतं. कसोटीच्या गुलाबी कुकाबुरा चेंडूला रंगाचा जादा थर, त्यात अ‍ॅडलेडला खेळपट्टीवर गवत राखलेलं. तिथे चेंडू डोळ्यांखाली येऊ द्यायचा, खालचा हात सैल ठेवायचा, ऑफ स्टंप कुठे आहे हे पायांना कळलं पाहिजे. ही सवय तीन दिवसांत बदलत नाही रे.

सराव सामने दोनच. सिडनीतल्या ड्रमॉइनचा लाल चेंडूचा सामना ६ ते ८ डिसेंबर, नेमका टी-ट्वेंटीच्याच दिवसांत, म्हणजे निम्मा संघ दुसरीकडे. ११ पासून सिडनीला गुलाबी चेंडूचा. तिथे पहिल्या डावात १९४, त्यात बुमराच्या नाबाद ५५! घंटा तेव्हाच वाजली होती. पण दुसऱ्या डावात पंत आणि विहारीची शतकं झाली, ४ बाद ३८६ दिसले, आणि सगळे निवांत झाले. कोहली आणि पुजारा त्या सामन्यात खेळलेच नाहीत. कोहलीने कसोटीच्या पहिल्या डावात ७४ केले म्हणून मी गप्प होतो. पंत मात्र अंतिम अकरातही नव्हता, हे मला अजून पटत नाही.

नेटमध्ये घाम गाळला, असं सांगतील. नेटमध्ये दर चेंडूला गोलंदाज बदलतो. एकच माणूस पाच चेंडू बाहेर टाकून सहावा आत आणतो, तो सापळा तिथे लागतच नाही. साइडआर्मने, म्हणजे चेंडू फेकायच्या दांड्याने, फेकलेल्या चेंडूला वेग असतो, रनअपची लय नसते. मागे स्लिपचं कडं नाही, कड लागली तरी पुढचा चेंडू खेळायचाच.

आता तू इंग्लंडमधली १९५२ ची हेडिंग्ले कसोटी काढणार, ठाऊक आहे. मे महिनाभर काउंटी सामने खेळूनही शून्यावर चार बाद! काढ. पण त्याच डावात आपल्या सांगलीत जन्मलेल्या हजारेंनी ५६ आणि फडकरांनी ६४ केल्या, हे तू दरवेळी गाळतोस. इंग्लंडच्या ट्रुमनचा वेग त्यांना नवा होता. पण इंग्लंडची हवा आणि खेळपट्टी अंगात मुरलेली होती, म्हणून मोडलेला डाव १६५ पर्यंत गेला. आणि याच अ‍ॅडलेडला जानेवारी १९४८ मध्ये हजारेंची ११६ आणि १४५, लिंडवॉल आणि मिलरसमोर. तो संघ ऑक्टोबरपासून तिथे राज्यांशी खेळत होता. सामने खेळून शतकाची खात्री मिळत नाही, कोसळणं थांबवणारा एखादा तयार होतो. एवढंच मी पंधरा वर्षं तुला सांगतोय.

पुढच्या मेलबर्न कसोटीपर्यंत सराव सामना मिळणार नाही. मग निदान मधल्या खेळपट्टीवर लाल चेंडू घ्या, तीन स्लिप आणि गली उभी करा, एकेका गोलंदाजाला सलग सहा षटकं द्या. पहिले तीस चेंडू फक्त सोडायचे. आउट झाला की पॅड काढून खरंच बाहेर बसायचं. शमीचा हात गेला, कोहली घरी चालला. आता कप्तान रहाणे, त्याच्याकडे दिवसही फार नाहीत.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची परीक्षा उरकली का? छोटीला कॅलिपर लागणार म्हणाला होतास, ते कळव. भडंग पाठवलंय, ओलं होऊ देऊ नकोस.

शनिवारी पहाटे पाचला मेलबर्न सुरू. साडेचारला मिस्ड कॉल दे, टॉसपासून बघू. पंतला घेतात का तेवढं बघायचंय.

तुझा,
बाळू