पिवळ्या बसमधलं गाणं

प्रिय दोस्ता,

जयभीम बे. लय दिवसानं लिहून रायलो. तू पुण्याले गेला तवापासून फोनवर दोन मिनिटाच्या वर बोलणंच होत नाई, म्हणून म्हटलं लिहूनच टाकतो सगळं.

इकडं वेचणी चालू हाय. मागच्या पंधरवड्यात काकूची टोळी एकाच्या वावरात गेली होती, नाव कायले सांगू, तुले समजलंच असन. संध्याकाळी काट्यावर गाठोडी चढली अन् सगळ्यायचाच कापूस कमी भरला. बाया बोलल्या तं मालक म्हणे काटा बरोबर हाय, तुमचेच हात चालत नाई. मंग काकू गाठोड्यावर बसली अन् तिनं वामनदादा कर्डकांचं गाणं उचललं, एक एक करून साऱ्याच म्हणाले लागल्या, ट्रॅक्टर उभा, माल कोणी भरतच नाई. अंधार पडता पडता त्यानं दुसरा काटा आणला. वजन वाढलं ना भाऊ! पण दुसऱ्या दिवशी टोळीले निरोप आला का काकूले आणू नोका.

मी काकूले इचारलं, तुले गाणंच काऊन सुचलं? तं म्हणे, "गाणं नसतं म्हटलं तं रडलो असतो आम्ही, अन् रडणारीले कोण भेते?"

हे आईकलं अन् मले फॅनी लू हॅमर आठवली. अमेरिकेतल्या मिसिसिपीची काळी बाई, सहा वर्षाची होती तवापासून कापूस वेचे, २० भावंडात सगळ्यात लहान. ३१ ऑगस्ट १९६२ ले ती धरून १८ जणं जुन्या बसनं इंडियानोला गावाले मतदार यादीत नाव टाकाले गेले. तिथं राज्यघटनेचं कलम लिहून त्याचा अर्थ सांगा म्हणे, म्हणजे नापासच कराचं होतं. परत येताना पोलिसायनं बस अडवली अन् दंड ठोकला, कायले तं बसचा रंग लय पिवळा हाय, स्कूलबससारखा दिसते. (हसू नोको, खरंच हे कारण होतं.) बसमदे सारे भेलेले. तवा तिनं चर्चमधली गाणी म्हणाले सुरुवात केली अन् बाकीच्यायनं मागून सूर धरला. त्याच रात्री तिले मळा सोडा लागला, १८ वर्ष राबली होती तिथं.

लोक म्हणते गाण्यानं क्रांती होते. मले नाई तसं वाटत, दंड तं भराच लागला अन् काकूचाही रोज गेलाच. पण भेव एकट्याले धरते, अन् दहा जणी एका सुरात असल्या का त्याले नेमकं कोणाले धराव ते समजत नाई, एवढंच.

अन् 'हम होंगे कामयाब' आठवते का, १५ ऑगस्टले मास्तर म्हणाले लावे? आपल्याले वाटे सरकारी गाणं होय. त्याचं मूळ इंग्रजी गाणं १९४५ मदे अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी बायायनं पिकेटिंगच्या (कारखान्याबाहेर धरण्याच्या) लायनीत गायलं होतं, म्हणजे आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या बिडीवाल्या बाया असते ना, तशाच. मंग ते साऱ्या नागरी हक्काच्या चळवळीचं झालं, अन् फिरत फिरत आपल्या शाळेच्या पटांगणात आलं. मास्तरनं हे सांगितलं असतं तं मी तोंड हालवल्यासारखं केलं नसतं बे.

आता १४ एप्रिलचंच पाय. मागच्या वर्षी डीजे एवढा मोठा होता का छातीत धडधडे, पोरं नाचून रायले, पण गाणं म्हणाले एक तोंड उघडं नाई. काकू ओट्यावर बसून होती, मी म्हटलं तू म्हण ना, तं म्हणे माझाच आवाज मले आयकू येत नाई.

म्हणून यंदा मी मंडळात बोललो, डीजे रात्री वाजवा, पण सकाळची फेरी बिना माईकची. पोरायनं नाक मुरडलं, पण हो म्हणाले. ढोलकी तुझीच लागन. मी खुंटीवरून काढून पायली, शाईचं (काळ्या लेपाचं) पान फुटलं हाय. तिकडं कोणी नवं शाईचं पान चढवून देणारा असन तं इचारून ठेव, मी धुलिवंदनाच्या आधी कोणासंग पाठवतो.

काकू सध्या बाजूच्या गावात जाते वेचाले, ऑटोनं.

तुझाच,
गाववाला