शाळा जोडायच्या तर आधी गाडी द्या

मा. संपादकसाहेब,

कालच्या अंकातली समूह शाळांची, म्हणजे कमी पटाच्या शाळा जोडून एकच मोठी शाळा करायची, बातमी वाचली, डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. पट नाही, खर्च परवडत नाही, चार शाळा एकत्र केल्या की लॅब येईल, मैदान येईल, सगळं छापलंय तुम्ही. आणि पोर तिथपर्यंत पोचणार कसं त्याला एकच ओळ, 'वाहतुकीची सोय केली जाईल'. कोण करणार? पावसाळ्यात काय करणार?

आमच्या गावच्या हायस्कूलचं काय झालं ते सांगतो. पट कमी होताच, १५ मार्च २०२४ च्या जीआरनंतर संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) शिक्षकांची पदं गेली, गणिताचे सर अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित झाले आणि शिकवायलाच कोणी नाही म्हटल्यावर लोकांनी भराभर दाखले काढले. मुलगे तालुक्याला खोली करून राहिले. मुलींना कोण ठेवतंय तसं?

माझी पुतणी नववीला तालुक्याच्या शाळेत जायला लागली. शाळा सुटते पाचला, गाडी साडेपाचची, ती येते कधी सात वाजता, कधी येतच नाही, विचारलं तर ड्रायव्हर नाही म्हणतात. रस्ता खचला की फाट्यावरूनच गाडी परत फिरवतात, पुढे पोरींनी अंधारात चालत यायचं, फोनला रेंज नाही. गेल्या पावसाळ्यात रात्र झाली तरी ती आली नाही म्हणून भाऊ बॅटरी घेऊन निघाला, तर ती आणि गावातल्या दोघी ओढ्याच्या पलीकडे भिजत उभ्या, पाणी चढलेलं. त्यानंतर त्याने तिला पाठवलंच नाही. मी खूप भांडलो त्याच्याशी, तो म्हणाला रोज आणायला तू जाशील का? गणितात वर्गात पहिली यायची हो ती पोरगी! आता घरी बसलीये आणि नातेवाईक स्थळांची नावं घ्यायला लागलेत.

शिक्षणहक्क कायद्यात पाचवीपर्यंत १ किलोमीटर, आठवीपर्यंत ३ किलोमीटर असं अंतर तरी धरलंय. नववीपासून तो कायदाच संपतो, आणि मुली नेमक्या तिथेच गळतात. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, चांगलंच आहे, पण गाडीच नसेल तर पास घेऊन काय करायचं? सरकारच्या मानव विकास मिशनच्या निळ्या एसटी गाड्या खास शाळेच्या मुलींसाठी सुरू केल्या, पण त्या ठराविक तालुक्यांत, आमचा त्यात नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसच्या आत पट असलेल्या १४ हजार ७८३ शाळांचा आकडा आला तेव्हापासून सगळे पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या समूह शाळेचं उदाहरण देतात. तिथे मुलांना आणायला-न्यायला बस ठेवली म्हणून ते उभं राहिलं. मग गाडीचं वेळापत्रक, गाडी बंद पडली तर दुसरी कुठून येणार आणि जबाबदार अधिकारी कोण, हे आधी ग्रामसभेत लेखी द्या. तोवर एकाही शाळेला कुलूप लावू नका.

आणखी एक. ही बातमी तुम्ही आतल्या पानावर कोपऱ्यात टाकली आणि पहिलं पान अर्धं वाढदिवसाच्या जाहिरातीला दिलं, हे बरोबर नाही. तुमचा वार्ताहर एकदा संध्याकाळी आमच्या फाट्यावर पाठवा, पोरी तिथे उभ्याच असतात.

आपला,
एक पालक
(कृपया गावाचं नाव छापू नये, मुलींना त्रास होतो)