शनिवारची पालक बैठक: शाळेतला कॉन्फेडरेट झेंडा

सर्व सभासदांना नमस्कार. बैठकीत विषय एकच आहे: काही मुलं पिकअपवर कॉन्फेडरेट झेंडा (अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्याचा) लावून शाळेच्या पार्किंगमध्ये आली, त्यावर बंदी हवी की नको. येताना 1969 चा टिंकर खटला जरूर वाचून या. व्हिएतनाम युद्धाविरोधात मुलांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचीच बाजू घेतली. मात्र शिकवण्यात मोठा व्यत्यय येणार असेल तर शाळेला रोखता येतं, हेही त्याच निकालात आहे.

'हा आमचा वारसा' म्हणणाऱ्यांचं ऐकून घेऊच. पण गुलामगिरी टिकवायला लढलेल्या सैन्याचं निशाण ओलांडून वर्गात जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं म्हणणं आधी ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

कृपया कुणाही मुलाचं नाव किंवा फोटो ग्रुपवर टाकू नका.