सोब्रार्बेच्या सायकल सहलीतील त्रुटींबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
(सहल कंपनी), पुणे

विषय: ऑक्टोबरमधील ‘पिरेनीज माउंटन बायकिंग’ सहल – सेवेतील त्रुटी, दुखापत आणि भरपाईची मागणी

महोदय,

गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझी धाकटी बहीण तुमच्या कंपनीमार्फत स्पेनच्या आरागोन प्रांतातल्या सोब्रार्बे भागात आठ दिवसांच्या माउंटन बायकिंग सहलीला गेलो होतो. माणशी २,८५,००० रुपये भरले. सायकलवर बसल्याच्या पहिल्याच दिवशी बहिणीचं डावं मनगट मोडलं. परत आल्यावर फोन केला तेव्हा तुमच्या कार्यालयातून उत्तर मिळालं, की साहसी सहलीत असं होतंच. हे उत्तर मला मान्य नाही. तिचं पडणं टाळता येत होतं, आणि त्यासाठी कुणीतरी आदल्या संध्याकाळी एक वाक्य बोलायला हवं होतं.

ते वाक्य म्हणजे, “इथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो.”

आपल्याकडे सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि मागचा डाव्या हाताला असतो. स्कूटरचंही तसंच. माझी बहीण वीस वर्षं नाशिकच्या रस्त्यांवर स्कूटर चालवते. उतारावर आधी डावा हात दाबायचा, हे तिला आता आठवावं लागत नाही, हातच ते करतो. स्पेनमध्ये हे नेमकं उलट आहे. सोब्रार्बेतल्या आइन्सा गावाच्या वरच्या एका निळ्या वाटेवर, म्हणजे सोप्यातल्या वाटेवर, दगडांचा एक छोटा उतार आला. तिने सवयीने डावा लिव्हर दाबला. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होते, पुढचं चाक जागच्या जागी जाम झालं आणि ती हँडलवरून समोर फेकली गेली. मी तिच्या मागेच होते. ती चुकली नव्हती. पुण्यात वेताळ टेकडीवर आम्ही दोघींनी तीन महिने जो सराव केला होता, तिने तंतोतंत तेच केलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गावातल्या सायकल दुकानात गेले आणि खाणाखुणा करून अडचण सांगितली. दुकानदाराने अर्ध्या तासात माझ्या सायकलचे ब्रेक उजव्या-डाव्या हाताला बदलून दिले. एक पैसा घेतला नाही. वर त्यांनी सांगितलं, की इंग्लंडहून येणाऱ्या लोकांना ते हे नेहमीच करून देतात, फक्त आधी सांगावं लागतं. तुमच्या कंपनीने पंधरा भारतीय माणसं तिथे नेली आणि हे आधी सांगितलं नाही. आम्हाला नाही, दुकानदारालाही नाही.

पडल्यानंतर जे घडलं ते आणखी वाईट होतं. माहितीपत्रकात ‘स्थानिक, परवानाधारक मार्गदर्शक’ असं ठळक अक्षरांत छापलं आहे. आमच्यासोबत होते तुमचे टूर लीडर. स्वभावाने ते चांगले आहेत, त्यांच्याविषयी माझा राग नाही. पण ते स्वतः त्या भागात पहिल्यांदाच आले होते. त्यांच्या बॅगेत एक बँडेजची पट्टी आणि डोकेदुखीच्या गोळ्या होत्या. युरोपभर आणीबाणीसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. खालून वर येणाऱ्या दोन स्थानिक सायकलस्वारांनी फोन लावला, बहिणीचा हात स्वतःच्या जॅकेटने बांधला आणि गाडी येईपर्यंत ते तिच्याजवळ बसून राहिले. त्या दोघांची नावं मला माहीत नाहीत, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

उपचारांचा खर्च ६१० युरो आला. तुमच्याच कार्यालयाने काढून दिलेल्या प्रवास विम्यातून ‘साहसी खेळ’ वगळलेले आहेत, हे आम्हाला दावा नाकारला गेल्यावर कळलं. माउंटन बायकिंगची सहल विकणाऱ्या कंपनीने माउंटन बायकिंग वगळणारा विमा ग्राहकाच्या हाती द्यावा, याला मी निष्काळजीपणाच म्हणेन.

आता चौथ्या दिवसाबद्दल. तिसऱ्या रात्री मुसळधार पाऊस झाला. सोब्रार्बेची माती तुम्ही पाहिली आहे का, मला खरंच विचारायचं आहे. राखाडी, निळसर, चुनखडीमिश्रित चिकणमाती. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, त्याच्या तळाचा तो गाळ. कोरडी असताना त्या टेकड्यांवरून सायकल अशी पळते, की चाकाखाली काही आहे असं वाटत नाही. जगभरचे सायकलस्वार त्यासाठीच येतात. २०१५ आणि २०१८ मध्ये एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बायकिंगच्या जागतिक शर्यतमालिकेची फेरी तिथेच झाली. पण ओली झाली की तीच माती आपल्या सोलापूरच्या काळ्या रानासारखी चिकटते. सकाळी त्याच दुकानदाराने आमच्या लीडरना सांगितलं, की आज जाऊ नका, एक दिवस थांबा, वाट खराब होते आणि सायकलही. लीडरनी तुमच्या पुण्याच्या कार्यालयाला फोन केला आणि कार्यालयातून आदेश आला, की वेळापत्रक बदलायचं नाही.

दोनशे मीटरवर सगळ्यांची चाकं फिरायची थांबली. फ्रेम आणि टायर यांच्या मधल्या फटीत चिखल बसून विटेसारखा घट्ट झाला. चौदा-पंधरा किलोची सायकल आम्ही दीड तास खांद्यावर वाहिली. माझ्या सायकलच्या मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा, हँगर वाकला आणि त्याचे १४० युरो तुम्ही माझ्या अनामत रकमेतून कापले.

पैशांपेक्षा मला वाटेचं वाईट वाटलं. या वाटा सायकलसाठी यंत्राने खोदलेल्या नाहीत. गावागावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा, खेचरांच्या वाटा, गावं ओस पडल्यावर झुडपांत बुजून गेल्या होत्या. ‘झोना झेरो’ या उपक्रमातून तिथल्या सायकलवाल्यांनी त्या साफ करून पुन्हा वापरात आणल्या. आम्ही सगळ्यांनी त्या ओल्या मातीत जी खोल चाकोरी पाडली, ती वाळल्यावर तशीच दगडासारखी राहणार आणि पुढच्या पावसाचं पाणी तिच्यातूनच वाहणार. परतताना मला त्या दुकानासमोरून जायची लाज वाटली.

पाचव्या दिवशी कार्यक्रमात ‘ओर्देसा राष्ट्रीय उद्यानाच्या दरीत सायकलिंग’ होतं. १९१८ पासून संरक्षित असलेल्या त्या उद्यानाच्या पायवाटांवर सायकलला परवानगीच नाही. आम्ही सायकली गाडीत ठेवून थोडं चाललो आणि परत आलो. जे करायची मुभाच नाही ते तुम्ही छापून विकलंत.

सहाव्या दिवसाबद्दल लिहिताना मला अजून त्रास होतो. ही सहल मी निवडली ती त्या एका दिवसासाठी. तुमच्या पत्रकात लिहिलं होतं, ‘आरा नदीच्या काठाने हानोवास गावापर्यंत’. हानोवास हे धरणासाठी संपादित झालेलं गाव. १९६०च्या दशकात तिथली घरं सुरुंग लावून पाडली, शाळा बंद केली. तरी एक कुटुंब १९८४ पर्यंत तिथेच राहिलं. आणि ज्या धरणासाठी हे सगळं केलं ते बांधलंच गेलं नाही, २००१ मध्ये पर्यावरणाच्या कारणावरून त्याला नकार मिळाला. आरा आजही मोकळी वाहते आणि त्या कुटुंबांची मुलं-नातवंडं परत येऊन एकेक घर पुन्हा उभं करत आहेत.

माझं आजोळ मुळशीकडचं. १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह सुरू झाला, तरी धरण झालंच. आजीच्या लहानपणीचं गाव पाण्याखाली गेलं ते कायमचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती काठावर उभी राहून बोटाने दाखवायची, इथे आमचं अंगण होतं. पाण्यातून वाचलेलं एक गाव मला डोळ्यांनी पाहायचं होतं. तिथल्या झुलत्या पुलावरून सायकल हातात धरून चालत पलीकडे जायचं होतं. हे मी बुकिंग करतानाच तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं होतं.

त्या दिवशी आम्हाला झारागोझाबाहेरच्या एका शॉपिंग सेंटरवर नेलं गेलं. बस आराच्या काठानेच गेली. नदीपलीकडे पडक्या भिंतींमध्ये नवी छपरं दिसली. दोन मिनिटं थांबवा म्हटलं, तर वेळ नाही असं उत्तर आलं. शॉपिंग सेंटरवर आम्ही चार तास होतो.

आइन्साचा मधला चौक सुंदर आहे, यात वाद नाही. दगडी कमानी, बाराव्या शतकातलं चर्च, मागे पेन्या मोन्तान्येसाचा कडा. तुमच्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो आहे. पण फोटोपलीकडचं काहीही ठाऊक करून न घेता तुम्ही ही सहल विकलीत, अशी माझी तक्रार आहे.

माझी मागणी अशी. बहिणीला एक दिवसही धड सायकल चालवता आली नाही, त्यामुळे तिचं पूर्ण शुल्क परत मिळावं. उपचारांचे ६१० युरो आणि माझ्या अनामतीतून कापलेले १४० युरो परत मिळावेत. पाचव्या आणि सहाव्या दिवसाच्या सेवेपोटी माझ्या शुल्काचा चौथा हिस्सा परत मिळावा. उपचारांची बिलं, विमा नाकारल्याचं पत्र, तुमचं माहितीपत्रक आणि फोटो सोबत जोडले आहेत. तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या दोन्ही कारणांवरून तक्रार दाखल करीन.

पैशांचं उत्तर द्यायला तुम्ही तीस दिवस घ्या. पण मे महिन्याच्या तुकडीचं बुकिंग सुरू झाल्याची जाहिरात मी कालच पाहिली. ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांना ब्रेकबद्दल याच आठवड्यात कळवा, आणि दुकानालाही.

आपली,
(सही)
कोथरूड, पुणे