आई, चहा घ्यायला लाग

बेळगाव,
रविवार, दुपार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
बारक्याचा साष्टांग नमस्कार.

मी इथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरात खुशाल आहे. तुम्ही सगळे खुशाल असाल. गेल्या रविवारी फोन हातात मिळाला, पण मागे रांगेत पंधरा-वीस पोरं उभी होती. आई, तू चार वेळा 'जेवलास काय?' एवढंच विचारलंस आणि मी चार वेळा 'व्हय' म्हणालो. शेवटी ताईने फोन घेतला आणि बाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं, की मी आत गेलो त्या दिवसापासून तू चहा सोडला आहेस. रवळनाथाला नेम बोललीस म्हणे, पोरगं ट्रेनिंग संपवून, फौजेची कसम खाऊन घरला येईपर्यंत चहा तोंडाला लावणार नाही. ते ऐकल्यापासून आठवडाभर माझं चित्त त्यातच आहे. तुला डोकेदुखी आहे, बीपीची गोळी आहे, आणि सुगीचे दिवस आहेत. पहाटेपासून उपाशीपोटी शेतात वाकायचं आणि चहाचा घोटही नाही, हे बरोबर नाही. म्हणून आज आराम मिळाल्याबरोबर लिहायला बसलो. ताई, हे पत्र आईला सावकाश वाचून दाखव, आणि बाबा घरात असतील तेव्हाच वाच.

आधी जेवणाचं सांगतो, कारण आईला तेच ऐकायचं आहे. इथे जेवणघराला लंगर म्हणतात. पहाटे साडेचारला चहा. पीटी झाल्यावर नाष्टा, कधी पुरी-भाजी, कधी पराठा, सोबत अंडं किंवा केळं. दुपारी चपाती, डाळ, भात, भाजी. संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री जेवण आणि दूध. भात आपल्यासारखा नाही, मोकळा सुटसुटीत असतो, आणि डाळीला आपल्या घरच्या आमटीची चव नाही. पण पोटभर मिळतं, मागितलं की वाढतात. आई, मी घरी दोन भाकऱ्यांवर उठायचो, इथे सहा चपात्या कधी संपतात ते कळत नाही. पोटाची काळजी आता पूर्ण सोड.

बाबा, तुमच्याशी त्या पहिल्या दिवसाबद्दल बोलायचं राहिलं. गेटवर तुम्ही ट्रंक खांद्यावरून उतरवली, माझ्या हातात दिली आणि 'जा' म्हणालात. मागे संत्रीने पुढे चला म्हणून आवाज दिला, त्या गडबडीत मी तुमच्या पाया पडलो नाही. आत जाऊन कागद तपासायच्या रांगेत बसल्यावर ते लक्षात आलं. मागे वळून बघितलं तर मध्ये भिंत होती. मी नऊ वाजता आत गेलो. ताई म्हणाली, तुम्ही चारच्या एसटीने परत आलात. बाबा, सात तास तुम्ही तिथे उभे होता आणि मी तेवढ्यात आत केस कापून, किट घेऊन, खाट लावून मोकळा झालो होतो. मला ठाऊक असतं तर उस्तादांच्या हातापाया पडून एकदा बाहेर आलो असतो. सुट्टीवर आलो की आधी तुमच्या पाया पडायचे आहेत, मग घरात पाऊल.

उस्ताद म्हणजे आम्हाला शिकवणारे हवालदार, नाईक. आम्ही सगळे रंगरूट. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव घातलं, तेव्हा ट्रंक माझी झाली आणि मी नंबराचा झालो. माझ्या एका बाजूच्या खाटेवर धारवाडकडचा पोरगा आहे. त्याची आई रोज 'ऊटा आयता?' विचारायची म्हणे, म्हणून तो मला रात्री तेच विचारतो आणि मी त्याला 'जेवलास काय?' विचारतो. दुसऱ्या बाजूला साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीचा आहे. त्या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचा स्तंभ गावात आहे. त्याचे पणजोबा, आजोबा, चुलते सगळे फौजेत. तो पहिल्या रात्रीसुद्धा गाढ झोपला. मला मात्र पहिले तीन दिवस झोप लागली नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. तिसऱ्या रात्री वाटलं, बेळगावातून चंदगड चाळीस किलोमीटरही नाही, चालत निघालो तरी पहाटेपर्यंत घरी. मग विचार आला, घरी जाऊन बाबांच्या तोंडाकडे बघायचं कसं? त्या विचारातच झोप लागली. चौथ्या दिवसापासून अंग इतकं दमतं, की उशीला डोकं टेकतो एवढंच आठवतं, पुढे शिट्टीच ऐकू येते.

शिट्टी चारला. दाढी, आंघोळ, खाटेवरची चादर अशी ताणायची की एक सुरकुती दिसता कामा नये, घोंगडीच्या घडीच्या कडा सरळ रेषेत. पहिल्या आठवड्यात माझी खाट तीन वेळा उचकटली गेली. आता माझी घडी बघून दुसऱ्या पोरांना दाखवतात. आई, सणाला तू पाटावरच्या कापडाची घडी घालतेस तशीच घालतो, तळहाताने दाबून आणि टोकाला बोट फिरवून.

बुटांनी मात्र रडवलं. उजव्या टाचेला फोड आला, फुटला, मोज्याला चिकटला. दोन दिवस कोणाला सांगितलं नाही, लंगडत धावलो. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी रांगेतून बाहेर काढलं. वाटलं आता रगडा, म्हणजे शिक्षा मिळणार. ते माझ्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले, मोजा काढायला लावला, फोड बघितला आणि एमआय रूमला, म्हणजे इथल्या दवाखान्यात पाठवलं. औषध लावून आल्यावर त्यांनी स्वतः शिकवलं. मोज्याची शिवण बोटांवर येऊ द्यायची नाही, आत पातळ मोजा आणि वर जाड, बुटाची नाडी खाली सैल आणि घोट्यावर घट्ट. म्हणाले, 'पाय सांभाळ. सैनिक आधी पायावर लढतो.' ज्या माणसाचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, तो माझ्या टाचेकडे इतक्या हळुवार बघत होता, की मला बाबांची आठवण आली. माझ्या पायात काटा मोडायचा तेव्हा तुम्ही बिब्ब्याचा चटका देण्याआधी असंच फुंकर घालत बघायचा. टाच आता भरून आली आहे.

ड्रिल अजून साधीच आहे, सावधान-विश्राम आणि चाल. आपली पलटण लाइट इन्फंट्री, त्यामुळे चाल इतरांपेक्षा जलद. रायफल दोन वेळा हातात आली, वर्गात तिचे भाग सुटे करायला आणि जोडायला. गोळी झाडायला अजून वेळ आहे.

आता एक गोष्ट, जी सांगताना मला अभिमान वाटतो. दुसऱ्या आठवड्यात उस्तादांनी एकेकाला गाव विचारलं. मी 'चंदगड तालुका' म्हणालो, तर म्हणाले, 'म्हणजे पारगडवाला!' मग सगळ्या प्लाटूनला, म्हणजे आमच्या तुकडीला, मला उभं करून सांगायला लावलं. मी शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा जे ऐकलं ते सांगितलं. तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले, महाराजांनी त्यांच्या रायबाला पारगड दिला, आणि मालुसऱ्यांचे वंशज अजून त्या गडावर राहतात. मग उस्ताद म्हणाले, सिंहगड घेतला तो दिवस, ४ फेब्रुवारी १६७०, तोच आपल्या रेजिमेंटचा मराठा दिवस. रेजिमेंटची पहिली पलटण १७६८ ची. तिला जंगी पलटण म्हणतात. आम्ही जयघोष करतो तो 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, तेमलाई माता की जय'. पहिल्यांदा अडीचशे-तीनशे पोरांच्या तोंडून तो एकदम निघाला तेव्हा अंगावर काटा आला. आई, तेमलाई म्हटल्यावर मला कोल्हापूरची टेंबलाई आणि तू आषाढात मला खांद्यावर घेऊन चढलेला तो डोंगर आठवला.

आणखी एक ऐक आई, कारण तुला वाटतं फौजेत गेलेला माणूस परत येत नाही. जंगी पलटणीत नामदेव जाधव नावाचे शिपाई होते, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर त्यांच्या सोबतचे जवळपास सगळे पडले. त्यांनी जखमी झालेल्या दोघांना, एकेक करून, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणलं. मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगनच्या जागा उडवल्या. हाताला जखम होऊन बंदूक धरता येईना तेव्हा बॉम्ब फेकले, आणि बांधावर चढून जयघोष करून मागच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेही कोणाचे तरी पोरगेच. आणि आई, ते घरी परत आले, १९८४ पर्यंत जगले. मला सगळ्यात जास्त काय भिडलं सांगू? मशीनगनच्या आधी त्यांनी माणसं उचलली.

परवा सकाळी दौडीत एक झालं. रस्त्याच्या कडेने आमची प्लाटून धावत होती आणि समोरून लाल एसटी आली. पाटी 'बेळगाव–चंदगड'. खिडकीत एक म्हातारी टॉवेल डोक्याला गुंडाळून बसली होती, मांडीवर पिशवी. ती आमच्याकडे बघत होती. गाडी आठ-दहा सेकंदांत गेली. मी मान वळवली नाही, पाऊलही चुकवलं नाही, पण बरोबर पाटणे फाट्यावर कधी पोचेल, आपल्या गावच्या वाटेवर कोण उतरेल, याचा हिशोब धावताना चालू राहिला. माझ्याशेजारच्या अपशिंगेच्या पोराने काही न विचारता माझ्या खांद्याला खांदा लावला.

बाबा, आता घरचं. भात कापून झालं काय? मळणीला कोण आलं? यंदा मी नाही म्हणून तुम्ही गुडघ्याचं दुखणं घेऊन एकटे भारे उचलत असणार, मला ठाऊक आहे. कृपा करून दोन गडी जास्त लावा. रताळी काढायची घाई करू नका, दाजींना शनिवार-रविवार बोलवा. मजुरीचा विचार करू नका. मला अग्निवीर म्हणून पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये आहेत. त्यातले ९,००० सेवा निधीत कापून जातात, २१,००० हातात येतात. इथे माझा खर्च पॉलिश, साबण, वही एवढाच. पगार खात्यावर आला की तुमच्या खात्यावर पाठवतो. त्यातून सगळ्यात आधी तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सोसायटीचं कर्ज नंतर. हा क्रम बदलू नका.

गावात कोण काय म्हणतं ते माझ्या कानावर आहे. 'चार वर्षांची नोकरी, मग काय?' हा प्रश्न मलाही पडतो, बाबा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? चार वर्षांनी शंभरातल्या पंचवीस जणांपर्यंतच कायम ठेवतात. पेन्शन नाही. सेवा निधीचे दहा लाखांच्या वर मिळतात. मी त्या पंचवीसात यायचं ठरवून आलोय आणि रोज त्याच्यासाठीच झिजतो. नाही आलो तर तेविसाव्या वर्षी मी धडधाकट असेन, हातात पैसे असतील, आणि काजूची बाग वाढवायला आपली जमीन आहे. तुम्ही चावडीवर मान खाली घालू नका. सोळाशे मीटर पाच मिनिटं तीस सेकंदांच्या आत मारून आणि पेपर काढून मी इथे आलोय, कोणाच्या शब्दाने नाही.

ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं. पहिले दहा सगळ्यांचे सारखे, पुढचे एकवीस सैनिकी कामाचे. हिशोब केला तर मृग निघायच्या सुमाराला कसम परेड, म्हणजे शपथ घ्यायची परेड येते. त्या दिवशी आई-वडिलांना बोलावतात. बाबा, तेव्हा तुम्हाला गेटबाहेर उभं राहायचं नाही, आत खुर्चीवर बसायचं आहे. डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या आधी व्हायला हवं, तुम्हाला मी नीट दिसलो पाहिजे. मग सुट्टी मिळाली तर रोप लावणीला मी घरी.

आता आई, तुझा नेम. देवाला बोललेलं मोडायचं नाही, हे तूच शिकवलंस. आज सकाळी मंदिर परेडला आरती झाल्यावर मी पंडितजींना थांबून सगळं सांगितलं. ते म्हणाले, आईने लेकरासाठी धरलेला नेम लेकराने देवापुढे नारळ ठेवून मागे घेतला तर देव रागवत नाही. मी नारळ ठेवला. बाबांना सोमवारी रवळनाथापुढे एक ठेवायला सांग, की सुटलीस.

तुला नेम हवाच असेल तर हा धर. पहाटे साडेचारला आमच्या हातात चहाचा मगा येतो. थंडी असते, अंधार असतो, कडी तापलेली असते म्हणून मी टोपी मध्ये धरून दोन्ही हातांनी मगा पकडतो. पहिल्या दिवशी तो घोट घेतला आणि तुझा गुळाचा चहा आठवून घशात अडकला. आता रोज त्या वेळी मी पूर्वेकडच्या मैदानाला पाठ करून आपल्या बाजूला तोंड करतो. तूही साडेचारलाच उठून चूल पेटवतेस. तेव्हाच तुझा चहा टाक, आलं घाल आणि खाली बसून पी. चुलीपुढे उभ्या उभ्या नको.

रविवारी फोन आला की मी जेवलो काय ते विचारू नकोस. मी तुला विचारणार आहे, चहा झाला काय?

ताईला नमस्कार आणि भाचरांना आशीर्वाद. म्हैस व्याली की कळवा.

तुमचा,
बारका