मस्कतहून काकांस: १९७९ सालाविषयी

मस्कत, ओमान
ऑगस्ट २०२४

तीर्थरूप काकांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पोचले. १५ जुलैच्या रात्री इथल्या वादी कबीर भागात इमाम अली मशिदीवर गोळीबार झाल्याची बातमी फोंड्यात कळल्यापासून घरात सर्वांच्या जिवाला घोर लागला असणार, हे मी जाणते. आम्ही सुखरूप आहोत. मुहर्रमच्या शोकासाठी जमलेल्या शिया भाविकांवर तो हल्ला झाला आणि चार पाकिस्तानी, एक भारतीय व एक पोलीस असे सहा जण त्यात मृत्युमुखी पडले. गोळ्या झाडणारे तिघे सख्खे भाऊ, याच देशाचे नागरिक. तेही पोलिसांच्या कारवाईत मारले गेले. ‘इस्लामिक स्टेट’ने हल्ल्याची जबाबदारी घेतली. ओमानमध्ये असे काही घडेल हे इथल्या लोकांच्या स्वप्नातही नव्हते.

आपण विचारता की हे विष मुळात धर्मातच आहे की मागाहून कालवले गेले. आणि वाचनालयात याच विषयावर बोलायचे असल्यामुळे सविस्तर लिही, अशी आपली आज्ञा आहे. शाळेत इतिहास शिकवताना या प्रश्नाशी माझी वारंवार गाठ पडते, म्हणून मनापासून लिहिते. माझे मत असे की या अतिरेकाने शब्द जुन्या ग्रंथांतून घेतले असले तरी तो विसाव्या शतकात वाढला, आणि तो वाढवण्यात जितका वाटा मौलवींचा, त्याहून अधिक राज्यकर्त्यांचा होता. या माणसांना कामापुरते वापरून घेऊ आणि मग आवरू, असे त्यांतल्या प्रत्येकाला वाटत होते.

विचाराची सुरुवात इजिप्तमध्ये झाली. १९२८ साली सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलिया गावी हसन अल्-बन्ना या शिक्षकाने ‘मुस्लिम ब्रदरहूड’ स्थापन केली. ब्रिटिशांची छावणी आणि कालवा कंपनीचा थाट रोज डोळ्यांसमोर असताना, धर्मापासून दूर गेल्यानेच मुस्लिमांची अवनती झाली, असे तो तिथल्या कामगारांना सांगत होता. दुसरा विचारवंत आपल्याच मराठवाड्यात जन्मला, हे आपण भाषणात जरूर सांगावे. अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ साली निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत झाला; १९४१ मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी काढली. सार्वभौमत्व ईश्वराचे, लोकांना ते असूच शकत नाही, हा त्यांचा सिद्धान्त इजिप्तच्या सय्यद कुतुब यांनी उचलला आणि त्याला धार लावली. आजचे मुस्लिम समाजसुद्धा इस्लामपूर्व अज्ञानातच जगत आहेत, तेव्हा त्यांच्या राज्यकर्त्यांविरुद्ध लढणे हे कर्तव्यच ठरते, असे कुतुब यांनी तुरुंगात बसून लिहिले. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या सरकारने १९६६ साली त्यांना फाशी दिले, पण मुस्लिमाला मुस्लिमच न मानण्याची जी वाट त्यांनी मोकळी केली, ती बंद झाली नाही. शियांच्या मशिदीत शिरून गोळ्या झाडणारे त्याच वाटेने आलेले आहेत.

तरीही त्या काळात तरुणांचा संताप वेगळ्याच भाषेत बोलत होता. याच ओमानच्या दक्षिणेला, धोफारच्या डोंगरात, १९६५ पासून दहा वर्षे सुलतानाविरुद्ध जे बंड चालले, त्याचे पुढारी मार्क्स आणि लेनिन यांची नावे घेत, दक्षिण येमेनच्या साम्यवादी राजवटीकडून त्यांना रसद येई, आणि त्यांच्या तुकड्यांत मुलीही बंदूक घेऊन लढत होत्या. माणसे मुस्लिमच होती आणि धर्मग्रंथही तोच होता. सारे काही ग्रंथातूनच येते असे जे म्हणतात, त्यांनी धोफारचा विचार करावा असे मला फार वाटते.

वारे फिरले ते १९६७ नंतर. सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने अरब सैन्यांचा धुव्वा उडवला आणि नासर यांच्या अरब राष्ट्रवादाची पत गेली. १९७३ च्या युद्धानंतर तेलाचा भाव चौपट झाला आणि सौदी अरेबियाचा पैसा जगभरच्या मशिदी, मदरसे व छापखान्यांतून वहाबी, म्हणजे तिथल्या कर्मठ सुन्नी पंथाची, शिकवण पोचवू लागला. इजिप्तमध्ये नासर यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी डाव्यांना शह देण्यासाठी ब्रदरहूडच्या कैद्यांना सोडले आणि विद्यापीठांतल्या इस्लामी विद्यार्थी संघटनांना मोकळे रान दिले. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी लष्करी संचलन पाहत असताना जहाल गटाच्या सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या.

एकच साल निवडायचे झाले तर मी १९७९ निवडीन. फेब्रुवारीत शिया धर्मगुरू खोमेनी इराणला परतले आणि उलेमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, राज्य येऊ शकते हे साऱ्या मुस्लिम जगाने पाहिले. त्याच महिन्यात पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हक यांनी हुदूद, म्हणजे शरियतमधल्या शिक्षांचे, कायदे लागू केले. २० नोव्हेंबरला, म्हणजे हिजरी १४०० सालाच्या पहिल्याच दिवशी, सौदी राष्ट्रीय रक्षक दलात पूर्वी असलेल्या जुहेमान अल्-ओतैबीने काहीशे सशस्त्र साथीदारांसह मक्केची मुख्य मशीद ताब्यात घेतली, आपल्या मेहुण्याला महदी, म्हणजे जगाच्या अंती येणारा तारणहार, म्हणून जाहीर केले आणि राजघराणे भ्रष्ट झाल्याचा पुकारा केला. त्या पवित्र जागी शस्त्र चालवायचे तर उलेमांची संमती हवी. ती मिळवून सैन्याने दोन आठवडे झुंज दिली, मशीद सोडवली, आणि पुढच्या जानेवारीत ६३ जणांना मृत्युदंड दिला गेला. इथवर कोणत्याही राजाने हेच केले असते. त्यानंतर घडले ते मला बंडाहूनही गंभीर वाटते. बंडखोरांना मारून राजघराण्याने त्यांच्याच बऱ्याचशा मागण्या मान्य केल्या. धर्मपोलिसांचे अधिकार वाढले, शाळांत धर्माचे तास वाढले, दूरचित्रवाणीवर स्त्रिया दिसेनाशा झाल्या, चित्रपटगृहे बंद पडली ती २०१८ सालापर्यंत. मधल्या काळात एक सबंध पिढी त्या शाळांतून शिकून बाहेर पडली.

आणि डिसेंबर संपता संपता सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. त्याविरुद्धच्या लढ्यात अमेरिकेने पैसा ओतला, सौदीने तितक्याच रकमेची जोड दिली, आणि वाटप पाकिस्तानच्या आयएसआयच्या हाती राहिले. त्यांनी सर्वांत कडव्या गटांना झुकते माप दिले, कारण अफगाण राष्ट्रवादी त्यांना नको होते. पेशावरला अब्दुल्ला अझ्झाम अरब तरुणांची भरती करत होता; त्याच्याच छायेत ओसामा बिन लादेन वाढला आणि १९८८ मध्ये अल् कायदा उभी राहिली. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले, अमेरिकेचे लक्ष उडाले, आणि शस्त्रे चालवायला शिकलेली माणसे तिथेच उरली. १९९६ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले. ११ सप्टेंबर २००१ चे आपल्याला सांगायला नको. आपल्या वाट्याला २६ नोव्हेंबर २००८ आले, समुद्रमार्गे मुंबईत उतरलेल्या दहा जणांनी १६६ जीव घेतले. ज्या देशाने या टोळ्या शेजाऱ्यांसाठी पोसल्या, त्याच देशात १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये पाकिस्तानी तालिबान्यांनी वर्गावर्गांत शिरून १३० हून अधिक मुले मारली. मी स्वतः रोज वर्गात उभी राहते, त्यामुळे या घटनेविषयी लिहिताना आजही हात थरथरतो.

इराकबद्दल थोडक्यात लिहिते. २००३ मध्ये अमेरिकेने सद्दाम यांना हटवून त्यांचे सैन्यच बरखास्त केले, शिया-सुन्नी वैर भडकले, आणि त्यातून निघालेल्या ‘इस्लामिक स्टेट’ने जून २०१४ मध्ये मोसुल घेतले. तिथे बांधकामावर असलेले ३९ भारतीय मजूर पळवले गेले. ते मारले गेल्याचे मार्च २०१८ मध्ये जाहीर झाले, आणि तोवर आखातात राबणाऱ्यांची भारतातली घरे त्या बातम्यांकडे डोळे लावून होती.

काका, सत्तेने धर्म हाती घेतला की काय होते, हे फोंड्याच्या माणसाला परके नाही. १५६० साली पोर्तुगिजांच्या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि त्याच साली मंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून झुवारीपार प्रियोळला आणावे लागले. देव ज्या अंत्रुज महालात, म्हणजे आपल्या फोंडा भागात, आसऱ्याला आले, तो तेव्हा आदिलशाहीच्या हद्दीत होता. आपल्या गावची साफा मशीद अली आदिलशाहाने बांधली तीही त्याच वर्षी. ख्रिस्ती सत्तेच्या जाचातून निघालेल्या आपल्या देवांना मुस्लिम राजाच्या मुलुखात थारा मिळाला. आदिलशाहीचा गौरव करण्यासाठी मी हे लिहीत नाही. वाचनालयात कोणी ‘त्यांचे पहिल्यापासून असेच’ म्हणाले, तर आपल्याकडे घरचाच दाखला असावा.

मात्र ‘याचा धर्माशी काही संबंध नाही’ असे इथले काही स्नेही म्हणतात, तेही मला पटत नाही. मारणारा धर्मवचन उच्चारूनच मारतो, आणि त्याला उत्तर त्याच धर्माच्या जाणत्यांनी द्यायला हवे. तसा प्रयत्न झालेला आहे. जुलै २००५ मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात पन्नास देशांतून जमलेल्या विद्वानांनी सुन्नी व शियांतले वेगवेगळे पंथ आणि ओमानचा इबादी असे एकूण आठ पंथ मान्य करून, त्यांच्या अनुयायांना धर्मबाह्य ठरवण्यास मनाई केली. या ठरावाची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही, म्हणून मुद्दाम कळवते.

भाषणाला तासभरच मिळणार असेल, तर ११ सप्टेंबर लोकांना ठाऊक आहे असे धरून मक्का आणि पेशावर यांना अधिक वेळ द्यावा. हे पत्र वाचून झाल्यावर सावंतवाडीला आत्याकडे पाठवावे. मुंबईवर आलेले ते दहा जण कुठे आणि कोणी तयार केले असे तिच्या नातवाने मला फोनवर विचारले होते, त्याला यातला अफगाणिस्तानचा भाग आधी वाचून दाखवावा. काकूला नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली पुतणी